सुतक न परवडणारं घर

आमच्या मालिकेतल्या घरात नऊ वर्षांत कोणी वारलं नव्हतं. माणसं कमी व्हायची, पण वारायचं कोणी नाही. मोठ्या सुनेचं काम करणारी मुलगी लग्न करून परदेशी गेली, तर एका सोमवारी पडद्यावर खाली एक पट्टी आली आणि आम्ही सगळे एका नव्याच मुलीला जुन्या नावाने हाका मारायला लागलो. पुतण्याला सिनेमा मिळाला, त्याला बंगळूरला नोकरी लावून दिली. आत्याबाईंचं निर्मात्याशी वाजलं. त्या काशीला गेल्या, अजून तिथेच आहेत.

मी या घरातली आजी. शाळेतून निवृत्त झाले आणि वाघोलीजवळच्या शूटिंगसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्यात सासू म्हणून रुजू झाले. माझ्या मालिकेतल्या यजमानांचं काम करणारे गृहस्थ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. स्पर्धेच्या नाटकांपासूनची आमची ओळख. कोणी उशिरा आलं की ‘या, आपलीच वाट बघत म्हातारे झालो,’ म्हणायचे आणि स्वतः मात्र शिफ्टच्या अर्धा तास आधी मेकअप करून बसलेले असायचे. माझं पाठांतर अडलं की समोरून ओठ न हलवता पुढचा शब्द पुरवायचे. नऊ वर्षं मी त्या शब्दांवर निभावून नेलं.

श्रावणाच्या आदल्या आठवड्यात ते झोपेतच गेले.

अंत्ययात्रेला सगळं युनिट गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची शिफ्ट होती. वाहिनीच्या ऑफिसातल्या मुलीने मुंबईहून फोनवर मला समजावलं, “आजी, आता मंगळागौर आहे, मग गणपती, मग दिवाळी. घरात सुतक आलं तर आपल्याला काहीच सेलिब्रेट करता येणार नाही ना! आणि ओटी भरायला सवाष्ण आजी लागते.” एका माणसाच्या मरणाने अख्खं वर्ष बुडणार, हे तिचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं. तेव्हा आजोबा धाकट्या मुलाकडे अमेरिकेला गेले.

मग सुरू झाले फोन. आठवड्यातून दोनदा मी बंद फोन कानाला लावायचा, ‘अहो, जेवलात का?’ विचारायचं आणि लाजून हसायचं. बंगल्याचे मालक मागेच राहायचे, शेतकरी माणूस. एकदा मला म्हणाले, “आजी, तुमचं मालक अमेरिकेत हायत म्हनं? आम्ही तर मातीला जाऊन आलो की.” मंडईत एका बाईने माझा हात धरून डोळ्यांना पदर लावला. हे घरी सांगितलं तर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तिला सांगायचं, एक शिल्लक आहे अजून.”

मला हसू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. तरी मी करत राहिले, कारण काम सुटेल ही भीती होतीच. ती नव्हती असं आता सांगून मोठेपणा मिळवायचा नाही.

नवरात्राच्या सुमारास मी सेटवर गेले, तर आमच्या झोपाळ्यावर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. अंगात आमच्या गेलेल्या आजोबांचं तपकिरी जाकीट. ते जाकीट कपडेपटातलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या घरून आणलेलं होतं. मी वाहिनीला फोन लावला. दिवाळीत आजोबा परत येणार होते. अमेरिकेत अपघात, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया.

“आणि आवाज?” मी विचारलं.

“घशालाही लागलंय, आजी.”

नव्या गृहस्थांचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, “ते जाकीट काढा.” त्यांनी निमूट काढलं. मी घडी करून पिशवीत टाकलं आणि पॅकअपनंतर थेट खडकीला, जाकीट ज्यांचं होतं त्यांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नीने जाकीट हातात घेतलं, एकेक बटण ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, “तुम्ही फोनवर हसता ना, तेव्हा मी टीव्ही बंद करते. तुमचा राग येतो.”

“मलाही येतो.”

“मग हसता कशाला?”

मी त्यांना दिवाळीचा बेत सांगून टाकला. “चाळीस वर्षं कारखाना केला त्यांनी,” त्या म्हणाल्या, “पण लोक ओळखायला लागले ते या कामामुळे. आता कोणीतरी तिथे येऊन बसेल आणि लोक म्हणतील, आले आजोबा. म्हणजे हे गेले, हे कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“येणार नाही कोणी,” मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच ठाऊक नव्हतं.

जोर नंतर सापडला. दहा-बारा भाग तयार असले की वाहिनीचं राज्य असतं. नको ते कापतात, पुन्हा करून घेतात. पण आज शूट आणि उद्या संध्याकाळी टीव्हीवर, अशी वेळ आली की ज्याच्या तोंडावर कॅमेरा, त्याचं राज्य. धाकट्या सुनेला डेंग्यू झाला, तयार भाग संपले, आणि ती वेळ दिवाळीच्या तोंडावर आली.

प्रसंग असा होता: सगळ्या बायका फराळ करतायत, फोन वाजतो, मी तो घेते आणि आनंदाने ओरडते, “अहो येतायत!”

मी फोन कानाला लावला. मग खाली ठेवला.

“फोनवर कोणी नाही,” मी म्हटलं. “गेले तीन महिने कोणीच नव्हतं. हे श्रावणाआधीच गेले. धाकट्याने मला एकटीला कळवलं, मीच त्याला शपथ घातली. घरात सुतक नको होतं ना? मंगळागौर व्हायची होती, गणपती बसायचे होते. झालं सगळं. आता मला रडू द्या.”

मोठ्या सुनेच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. ती आली आणि मला बिलगून रडली, आणि ते रडणं काही मालिकेतलं नव्हतं. आम्हाला कोणालाच तेव्हा रडायला वेळ मिळाला नव्हता. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला की मुद्दाम म्हणाला नाही, मी कधी विचारलं नाही. सहायकाने विचारलं, “सर, परत घ्यायचा?” तो म्हणाला, “नाही.”

अर्ध्या तासात मुंबईचा फोन. “आजी, असं आपलं ठरलं नव्हतं.”

“त्यांचंही ठरलं नव्हतं, बाळ.”

दुसऱ्या दिवशी दाखवायला दुसरं काही नव्हतंच, तेव्हा तेच दाखवलं. उशिरा कळलेल्या मरणाचं सुतक किती दिवस, हे मग वाहिनीने कुठल्याशा गुरुजींना विचारलं म्हणे. त्या वर्षी आमच्या मालिकेतल्या घरात आकाशकंदील लागला नाही. दिवाणखान्यात हार घातलेला फोटो लागला.

संक्रांतीच्या आधी मला कळवण्यात आलं की माझी प्रकृती बरी नसते. माझी प्रकृती ठणठणीत होती. एका सोमवारी खाली पट्टी आली आणि माझी साडी नेसलेली एक बाई आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. काम छान करत होती. तिने फोटोपुढे दिवा लावला, हात जोडले.

“वाईट वाटतंय?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“वाटतंय,” मी म्हटलं. नऊ वर्षांचं घर होतं, वाटणारच.

पण मी टीव्ही बंद केला नाही. माझ्या जागी दुसरी बाई आणायला वाहिनीला चार दिवस लागले. फोटोतल्या माणसाच्या जागी आता त्यांना कोणालाच आणता येणार नाही, अमेरिकेहून नाही आणि कुठूनच नाही.