मोठ्या टायरांची जीप

आधीच माफी मागतो. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याला समोरून ओळखायला हवं, आणि मी चिंतामणदादांना जास्त करून पाठीमागून पाहिलं, जीपच्या मधल्या सीटवर बसून. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आजवर जे लिहिलं ते प्रयोगवहीत, नाहीतर अर्जात. या लेखाची सुरुवात चार वेळा खोडली आहे. तरी लिहितोय, कारण गेले काही दिवस हे सोडून दुसरं काही करायला बसलो की उठावंसं वाटतं.

चिंतामण भोये सुरगाणा ते नाशिक जीप चालवायचे. सकाळी निघून बोरगावचा घाट, वणी, दिंडोरी करत नाशिकच्या दिंडोरी नाक्यावर यायचे आणि दुपारी सीट भरली की परत. पहिल्यांदा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बाकीचे दादा जीपखाली होते. मी पिशवी घेऊन उभा राहिलो.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"नाशिकला जायचंय."

"कशाला?"

"कॉलेजला. इंजिनीअरिंग लागलंय."

खालची ठोकाठोक थांबली. "मंग वर काय करतो? ये की खाली!"

मी खरंच खाली वाकलो. दादांनी तेलकट बोटानं एक पाइप दाखवला आणि विचारलं, "हे काय हाय?" मला सांगता आलं नाही. तेही मोठ्यानं हसले, आजूबाजूचे प्रवासीही हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'कॉलेज' झालं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

दादांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. गाडी उभी असली की ते तिच्या भोवती फिरायचे, टायरवर बोटाच्या पेरानं टकटक करून हवा किती आहे ते ओळखायचे. आणि एक आठवडा गाडी जशीच्या तशी राहिली, असं कधी झालं नाही. पुढचा लोखंडी गार्ड एकदा लावला, एकदा काढला. मालेगावहून डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक आणलं. त्यानं म्हणे डिझेल पूर्ण जळतं. टाकीत टाकायच्या गोळ्या आणल्या. टपावरचं कॅरिअर काढून टाकलं. "हवेला डिझेल पाजू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. पण मग बायाबापड्यांच्या नागलीच्या गोण्या ठेवायच्या कुठे, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा बसवलं. सगळं कशासाठी, तर ॲव्हरेजसाठी. गाडी एका लिटरमध्ये किती चालते, हा एकच प्रश्न त्यांना झोपू देत नसे. गंमत म्हणजे इतरांना ते ठणकावून सांगायचे, "ॲव्हरेज पायात असतं, दुकानात नसतं." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मुंबई नाक्याकडच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात उभे.

ॲव्हरेज काढायची त्यांची एक रीत होती. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, प्रवास करून आल्यावर पुन्हा तितकीच भरायची, आणि जेवढं डिझेल मावलं ते मीटरवरच्या किलोमीटरशी ताडून पाहायचं. ही रीत सगळेच वापरतात. पण टाकीत हवेचे बुडबुडे राहतात आणि टाकी खोटी भरते, असा दादांचा पक्का समज होता. म्हणून ते पंपावर सगळ्या प्रवाशांना खाली उतरवायचे आणि गाडी हलवायला लावायचे. "हां, डावीकडून! आता उजवीकडून! हलवा, लाजू नका!" सरकारी नोकर, भाजीवाल्या, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे जीपला धरून झुलवताहेत, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलं आहे. एकदा वणीची एक म्हातारी पाटी खाली ठेवून म्हणाली, "चिंतामण, डिझेल भरतो का ताक घुसळतो रे?"

"लोणी आलं तं तुला देईन, आजी. हलव!"

आणि आजी हलवू लागली.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. दादांनी ते कधी केलं नाही. एकदा एका प्रवाशानं तसं सुचवलं, तर त्यांनी घाटातच गाडी कडेला घेतली, त्याला आरशातून पाहिलं आणि म्हणाले, "डिझेल माझं हाय. जीव तुमचा हाय. कोनचं वाचवू, सांगा."

आता टायरांकडे येतो. तिथेच माझा पाय अडकला आहे.

आमचा पाडा डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. मधे दोन ओहळ आणि नुसते दगड. कुठलीच जीप आत येत नसे. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर दगडावर आपटून फुटायची भीती. सगळे फाट्यावर उतरून चालायचे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती डोक्यावर ओझं घेऊन तीन ठिकाणी बसत घर गाठायची. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना दादांनी नामपूरच्या एका कांद्याच्या पिकअपवाल्याकडून मोठे टायर आणले, मडगार्ड कापून ते बसवले आणि एका दुपारी जीप थेट आमच्या पाड्यात आणून उभी केली. जीप एवढी उंच झाली होती, की आईला चढायला पाट ठेवावा लागला. पोरं जीपभोवती ओरडत पळत होती. दादा बोनेटवर थाप मारून म्हणाले, "आता हिला गुडघे आले."

वर्षभर जीप पाड्यात येत राहिली. पण दादांच्या डोक्यात किडा वळवळतच होता. मोठ्या टायरांनी ॲव्हरेज खाल्लं, असं सगळ्या स्टँडवर म्हणत. इतर जीपवाले चिडवायचे, "चिंतामण, ट्रॅक्टर आनला का?" दादा चिडत नसत, पण त्या दिवशी गाडीभोवती जास्त फेऱ्या मारत.

तिसऱ्या वर्षी मला प्रोजेक्ट करायचा होता. बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा गाडीच्या ॲव्हरेजवर काय परिणाम होतो, हा विषय मी घेतला. खरं सांगायचं तर मला दुसरी कुठली गाडी माहीतच नव्हती. दादांना विचारलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. पुढची सीट म्हणजे मान. तिथे पोलीस पाटील बसायचे.

दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही मोजायला लागलो. एकेक वस्तू काढून, एकेक लावून. चुंबकानं काहीच फरक पडला नाही. गोळ्यांनीही नाही. दादांनी चुंबक काढून खिशात घातलं आणि एवढंच म्हणाले, "पोराला खेळायला होईल." कॅरिअरनं थोडं डिझेल खाल्लं. मग टायर. जुने टायर लावून नाशिकला जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर झाले आणि पंधरा लिटर लागलं. म्हणजे बारा. मोठे टायर लावून त्याच रस्त्याला सोळा लिटर लागलं, मीटरवर एकशे अडुसष्ट आले, म्हणजे साडेदहा. दीडचा फरक. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

दादा म्हणाले, "कॉलेज, मीटर कमी पडतंय रे. बोरगाव आलं तरी बोरगावचा आकडा येत नाय."

मी म्हणालो, "दादा, मीटर जुना झालाय. थोडं इकडेतिकडे होणारच."

त्यांनी मीटरच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. माझ्याकडे कॅलक्युलेटर होता. त्यांच्याकडे फक्त तो रस्ता होता, वीस वर्षांचा.

"लिहून दे," ते म्हणाले. "सही कर खाली."

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं: मोठ्या टायरांमुळे ॲव्हरेज बाराचं साडेदहावर येतं. खाली सही केली. दादांनी तो कागद समोर देवाच्या फोटोशेजारी चिकटवला. मला इतका अभिमान वाटला, की सांगायची लाज वाटते. पुढच्या आठवड्यात त्यांनी मोठे टायर उतरवले. जीप पुन्हा फाट्यावर थांबू लागली. पाडा पुन्हा चालू लागला. आईनं फोनवर तक्रार केली नाही. ती म्हणाली, "तू मोजलं ना? मंग बराबर असंल."

फेब्रुवारीत प्रोजेक्ट छापून दिला. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी तक्ता पाठ करत बसलो होतो आणि किलोमीटरच्या रकान्यावर बोट थांबलं. एकशे ऐंशी. एकशे अडुसष्ट. रस्ता तोच होता. सुरगाणा हललं नव्हतं, नाशिकही हललं नव्हतं. मग बारा किलोमीटर गेले कुठे?

मोठं चाक एका फेरीत जास्त पुढे जातं. मीटर मोजतो फेऱ्या. म्हणून तो कमी दाखवतो. हे समजायला इंजिनीअरिंगसुद्धा लागत नाही. खरा रस्ता एकशे ऐंशीच होता, आणि सोळा लिटरनं भागलं तर सव्वाअकरा येतात. घट होती ती पाऊणची. दीडमधली अर्धी घट टायरांची होती, अर्धी माझी. आणि दादांनी ते मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो. परीक्षकांनी रिपोर्ट चाळला, प्रत्यक्ष गाडीवर काम केल्याबद्दल कौतुक केलं आणि टायरांविषयी काहीच विचारलं नाही. मी "थँक यू सर" म्हणालो.

त्यानंतर मी दिंडोरी नाक्यावर गेलो नाही. तीन महिने. परीक्षा होती, मग नाशिकमध्येच अंबडला एका कारखान्यात ट्रेनिंग होतं, ही कारणं खरी आहेत. पण रविवार मोकळे होते. होळीला आमच्याकडे बाहेरगावी मजुरीला गेलेली माणसंसुद्धा परततात, तेव्हाही मी घरी गेलो नाही. पाय नाक्याकडे निघायचे, निमाणीच्या बसस्टँडपर्यंत जायचे आणि वळायचे. खोलीत आलो की पुन्हा निघावंसं वाटायचं. दादांना काय सांगायचं, ते मी मनात किती प्रकारे जुळवलं! 'दादा, थोडी दुरुस्ती आहे.' 'दादा, मीटर खरंच कमी पडत होता.' त्यांना फोनही करता आला असता. नंबर काढायचो आणि फोन खिशात ठेवायचो. आई चालत असेल, हे तर रोज संध्याकाळी आठवायचं. त्या वेळी जीप फाट्यावर पोचते.

जूनमध्ये निकाल लागला. प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मलाच होते. ते मार्क मोबाइलवर बघितले, चपला घातल्या आणि सरळ नाक्यावर गेलो. रांगेत दादांची जीप नव्हती. मधू म्हणून एक ड्रायव्हर आहे, दादांना ट्रॅक्टरवरून चिडवणारा तोच. त्यानं मला बघितलं आणि हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"कॉलेज, तुला कुनी सांगितलं नाय का?"

दादांना कावीळ झाली होती. अंगावर काढली, गाडी चालवतच राहिले. इलाजाला उशीर झाला. वैशाखात गेले. दहावाही होऊन महिना झाला होता.

मधू बराच वेळ काही काही सांगत होता. मला फक्त रांगेतल्या गाड्या दिसत होत्या. मी तिथेच पायरीवर बसून घरी फोन लावला. आमच्याकडे रेंज टेकडीवर मिळते, आई वर आली असावी, तिसऱ्यांदा लागला. आई म्हणाली, "परीक्षेच्या टायमाला तुला कशाला सांगायचं? तू तिकडं एकटा." मग मला राहवलं नाही. टायर, मीटर, चुकलेला हिशेब, परीक्षेत गप्प बसणं, सगळं तिला सांगून टाकलं. म्हणालो, "आई, माझ्यामुळे तुम्ही सहा महिने चालताय."

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग आई चक्क हसली.

"कोन चालतंय? जीप येती ना पाड्यात. होळीच्या आधीपासून येती. आता त्याचा मेव्हना आनतो."

मला कळेना. आईनंच सांगितलं. दादांनी एक दिवस वणीपासून फाट्यापर्यंत रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत गाडी आणली होती, एकदा लहान टायरांवर आणि एकदा मोठ्या. मग मोठे टायर कायमचे चढवले, माझा कागद काढून घडी करून खिशात ठेवला आणि पाड्यात येऊन सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की आपल्या कॉलेजनं नाशिकचा रस्ता बारा किलोमीटरनं छोटा करून दिला, सरकारला जमलं नसतं. सगळा पाडा हसला होता. आईसुद्धा.

"मंग मला का नाही सांगितलं कुणी?"

"चिंतामणनंच सांगितलं होतं, कॉलेजला काय बोलायचं नाय म्हनून. मास्तर लोकांना कळलं तं पोराचे मार्क कापतील. मार्क येईपर्यंत सगळ्यांनी गप राहा म्हनला." आई थांबली. टेकडीवर तिला दम लागला असावा. "आले का रे तुझे मार्क?"