नातीचा काळा अल्बम

नातीच्या बँडचा पहिला अल्बम आला. काळी नखं कुरतडत ती माझ्यासमोर बसली. "आजी, तू खरं सांग. बाबा तर ऐकून म्हणाले, 'कोण गेलं?'"

मी ऐकलं. गिटार जड पावलांनी चालत होती आणि गाण्यात पोरगी हेल काढून रडत होती. आमच्या गावी मयताच्या घरी बाया अशाच हेल काढायच्या. मनसोक्त रडून झालं की चेहरे धुतल्यासारखे दिसायचे. मग शेजारणींनी आणलेलं पिठलं-भाकरी पोटभर खायच्या. खोटं रडणारी तेवढी घास चिवडत बसायची.

गाणी संपली. "कसं वाटलं?" तिने भीतभीत विचारलं.

"भूक लागली," मी म्हटलं. "पिठलं टाक. आणि हे पुन्हा लाव."