मेणाची बोटं आणि भैरोबाची धार

लढाई संपल्यावर जो पहिला हिवाळा आला, त्या हिवाळ्यात मी माझ्या मेहुण्याच्या डाव्या पायाची तीन बोटं तयार केली. मेणाची. लोणावळ्याच्या बाजारात माझं किराणा दुकान होतं, पण गणपतीतल्या नाटकांची रंगभूषाही माझ्याचकडे असायची. साधूंच्या दाढ्या, राक्षसांचे सुळे, एकदा तर शूर्पणखेचं कापता येणारं नाक, इतकं माझ्या हातून होऊन गेलं होतं. बोटांचा प्रसंग आला नव्हता.

खरी बोटं इटलीतल्या एका डोंगरावर राहिली होती. मेहुणा फौजेत हवालदार. तिथल्या बर्फात ओल्या बुटांनी उभा राहून पाय बधिर झाले आणि पुढे डॉक्टरने बोटं काढून टाकली. हे मला माहीत, माझ्या बायकोला माहीत, फक्त सासूबाईंना माहीत नव्हतं. देहूरोडच्या डेपोत तो नोकरीला लागला होता. बेडशाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर. तिथे आला की गोठ्यातसुद्धा बूटमोजे घालून वावरायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या की आमचा साहेब झालाय, त्याला गावची माती चावते.

लपवण्याचं कारण नवसात होतं. तो लढाईवर गेला तेव्हा सासूबाईंनी डोंगराच्या धारेवरच्या, म्हणजे अरुंद माथ्यावरच्या, भैरोबाला सांगून ठेवलं होतं, माझं लेकरू जसंच्या तसं परत आण, पौषात ते अनवाणी तुझी धार चालून येईल. लेकरू आलं, पण जसंच्या तसं आलं नाही. हे कळलं तर म्हातारी देवाला बोल लावणार नाही, स्वतःला लावेल, भक्तीत आपणच उणे पडलो म्हणून उपास धरून बसेल, असं त्याला वाटायचं. उपासांनी तिच्या अंगावर आधीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नवस फेडायचा तर अनवाणी चालणं आलं, आणि अनवाणी म्हटलं की बोटं आली.

म्हणून मेण, मेणात गेरू, बांधायला काळा दोरा आणि वरून चिखलाचा लेप. पहाटेच्या धुक्यात निघायचं, परतताना पाय मातीने भरलेलेच असणार, मग ओसरीवर घोंगडी पांघरून बसायचं. मी खूश होतो. असा प्रयोग कुठल्या नाटक मंडळीने लावला असेल?

सोबत मीही जाणार होतो. बाकीची तयारी हवालदारसाहेबांची. आमची धार म्हणजे त्यांच्या मते हिमालयच. माझ्या सदऱ्याखाली त्याने जुनी वर्तमानपत्रं कोंबली, कानांना गोडंतेल चोळलं, घोंगडीची खोळ घातली, कंबरेला भाकरी, गूळ, कांदा. सूचना तर काय! हळू चाला, घाम येऊ देऊ नका, ओला घाम वाऱ्यात गारठला की माणूस गेला. थांबलात तरी बसू नका. मी चालताना खसखस वाजत होतो. बायको म्हणाली, पुडी बांधलेल्या साखरेसारखे दिसताय.

चढ संपून धारेवर आलो आणि माझं हसू वाऱ्याने पुसून टाकलं. एका अंगाला पवनेचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं, दुसऱ्या अंगाला काहीच दिसेना. वाळलेलं गवत दवाने निसरडं, त्यातली कुसळं धोतरातून पोटरीत घुसत होती. वर्तमानपत्रांची किंमत मला तेव्हा कळली. मेहुणा माझ्यापुढे चालत होता, काठी टेकत, टाच आधी ठेवत. मेण थंडीने दगड झालं होतं. पहिलं बोट एका कातळावर टचकन उडालं आणि मी रांगत गवतात ते शोधू लागलो. तो वळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी. एकदा गेल्याली बोटं घावत न्हाईत."

आम्ही दोघं हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

पुढे एका खोलगट जागी हिव पडलं होतं, दव गोठलेलं. आमच्याकडे क्वचित पडतं. गवताची पाती न् पाती पांढरी, मीठ भुरभुरल्यासारखी. मेहुणा त्या पांढऱ्याच्या कडेला थांबला आणि थांबूनच राहिला. मी आधी गंमत केली, मग हात धरून ओढलं. तो हलेना. कपाळावर घाम, त्या वाऱ्यात. घाम येऊ देऊ नका म्हणणारा तोच. शेवटी मी माझी घोंगडी काढून त्या हिवावर अंथरली. तो तिच्यावरून पलीकडे गेला, मग मी ती उचलली, झटकली, पुढे पुन्हा अंथरली. असं करत करत ती खोलगट जागा ओलांडली. भैरोबापुढे नारळ फोडला. भाकरी दातांना दगडासारखी लागली. उतरताना त्याचा पाय रक्ताळला होता आणि दोघांनाही एकच दिसत होतं, ओसरीचा कोपरा आणि घोंगडी.

उंबऱ्यात सासूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

देवाची वाट चालून आलेल्याच्या पायावर घरच्या बाईने पाणी घालायचं, ही आमच्या मावळातली रीत. शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन बाप्ये आठवडाभर मेण वितळवत, माती कालवत बसलो, आणि हे आमच्या डोक्यात आलं नाही. त्यातून म्हातारीने लेकाला गारठा लागला असेल म्हणून पाणी चांगलं कढत केलेलं.

तो म्हणाला, नको आई, मी धुतो. तिने ऐकलं नाही. वाकून पाणी ओतलं, हाताने माती चोळली. माती गेली, दोरा सुटला आणि उरलेली दोन बोटं मऊ होऊन तिच्या हातात आली.

मी भिंतीला टेकलो. नाटकात अशा वेळी पडदा पाडायची सोय असते.

सासूबाईंनी ती बोटं पदरात ठेवली. जिथे बोटं नव्हती तिथे अंगठ्याने चाचपून पाहिलं.

"दुखतंय का रं?"

"थंडीत दुखतंय."

तो घाईघाईने म्हणाला की तुझ्या नवसात काही उणं नव्हतं, आई.

"उणं कशाला आसंल?" त्या म्हणाल्या. "खळ्यावर आपुन बलुतं देतो का न्हाई? त्यानं त्याचं काढून घेतलं. रास घरात आली."

तांब्यात राहिलेलं पाणी त्यांनी त्याच पायावर ओतलं, सावकाश, संपेपर्यंत. मग मला म्हणाल्या, "जावईबापू, ती कागदं काढा आता अंगातली. चुलीला व्हतील."

मी सदऱ्यात हात घातला. वर्तमानपत्रांचा पार लगदा झाला होता. घाम आला होता मला, सगळी वाट.