आधी बाईचा नंबर

पवनीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मांडीवर कॉम्प्युटरचा सीपीयू होता. अपडेट अर्ध्यावर अडकलं होतं आणि मुलीच्या लग्नाचे फोटो फक्त त्यातच होते. माझी अडचण ऐकून शेजारचे अनोळखी काका पोटाशी पिशवी धरून बोटांवर उपाय मोजत होते. "डिस्कवरची जागा खाली करा, पेनड्राइव्ह काढा. अन् घाबरून काहून राहिल्या, बाई?" ते सगळं मी घरी क्रमाने करून पाहिलं होतं.

दुरुस्तीच्या दुकानात कळलं, काकांच्या पिशवीतला लॅपटॉपही अपडेटमध्येच अडकला होता. रांगेत पहिला नंबर त्यांचा होता.

"आधी बाईचं पाहा. लग्नाचे फोटो हायेत," ते म्हणाले.

मी मनापासून आभार मानले. काका दुकानदाराकडे वाकले.

"तिचे फोटो वाचले, त मंग माझा देतो."

फोटो वाचले. तेव्हा कुठे काकांनी पिशवीची गाठ सोडली.