ताराताल्याचा शेवटचा अर्धा मैल

श्यामकांत मोहरीर चढावर कुणाला कधी हरवू शकला नाही. लांब पल्ल्यातही तो मागेच राही. पण शर्यतीचे शेवटचे दोनशे मीटर उरले, की त्याच्यासारखा वेग कलकत्त्यात कुणाकडे नव्हता. १९६७ ते १९७१ या काळात त्याने रस्त्यावरच्या अकरा शर्यती जिंकल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत एकदा रौप्यपदक मिळवलं. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत तो कारकून होता. ती नोकरीही त्याला सायकलीमुळेच मिळालेली.

हे सगळं त्याच्या एकट्याचं नव्हतं, आणि ते तो स्वतःच सांगायचा. त्याच्याच कचेरीतला मनोहर दाभाडे शर्यतभर त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. श्यामकांत त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायचा. शेवट जवळ आला की मनोहर जिवाच्या आकांताने वेग वाढवायचा, मग "जा!" म्हणून ओरडायचा आणि डावीकडे बाजूला व्हायचा. करंडकावर नाव श्यामकांतचं यायचं. मनोहर तिसावा नाहीतर चाळिसावा.

"तुला कधी जिंकावंसं वाटत नाही का रे?" श्यामकांतने एकदा विचारलं होतं.

"अरे, माझे पाय बैलाचे आहेत," मनोहर हसला. "ओढायचं काम मला जमतं."

१९७२ च्या जानेवारीत डायमंड हार्बरहून निघालेली शर्यत ताराताल्याला संपायची होती. बेहाल्याच्या ट्राम डेपोपासून पुढे रस्त्यात रूळ होते, आणि पहाटेच्या धुक्याने ते अजून ओले होते. दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. "श्यामदा! श्यामदा!" असा ओरडा चालला होता. मनोहरने हाक दिली, तो डावीकडे वळला आणि श्यामकांत सुटला. एका चाकाच्या अंतराने त्याने शर्यत जिंकली. हिंदुस्थानच्या संघाच्या निवडीसाठी हीच शर्यत धरली जाणार होती.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून त्याला मागे रस्त्यात जमलेला घोळका दिसला. मनोहरचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं होतं आणि तो डोक्यावर आपटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात तो वारला. वय अठ्ठावीस.

मनोहरची आई श्यामलाबाई बालीगंजच्या दोन खोल्यांत राहायच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या कलकत्त्याला आल्या, आणि तो वारल्यावर मुलाच्या नोकरीसाठी तिथेच राहिल्या. आता श्यामकांत दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागला. बाजारातून भाजी आणून द्यायचा. त्या पोहे करायच्या. दोघं फारसं बोलत नसत.

निवडीचं पत्र आलं तेव्हा त्याने नकार कळवला. सराव मात्र सोडला नाही. पुढच्या दोन शर्यतींत शेवटचे दोनशे मीटर आले, तेव्हा त्याने मान वळवून मागे पाहिलं आणि पाय थांबवले. लोकांना वाटलं, तो दमला. सोबती म्हणायचे, "तुला कळणार तरी कसं होतं? मागे काय झालं ते तू पाहिलंस थोडंच?"

एका रविवारी तो श्यामलाबाईंना म्हणाला, "काकू, मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"सायकल आदळल्याचा आवाज. आणि तो 'आई गं' म्हणाला, तेही. मी थांबलो नाही."

श्यामलाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता काही दिवस येऊ नकोस, श्यामकांत."

त्या काही दिवसांची दोन वर्षं झाली. या काळात तो शर्यतीत उतरायचा तो अशोक वैद्य नावाच्या नव्या सोबत्याला पुढे नेण्यासाठी. वारा अंगावर घ्यायचा, शेवटी बाजूला व्हायचा. अशोकने चार शर्यती जिंकल्या. निकालाच्या यादीत श्यामकांतचं नाव खूप खाली असायचं. अकरा शर्यती जिंकलेला हाच का तो, असं नवे लोक विचारायचे.

१९७५ च्या मे महिन्यात श्यामलाबाईंचा निरोप आला. त्या सांगलीला भावाकडे कायमच्या निघाल्या होत्या. तो गेला, ट्रंका बांधल्या, टॅक्सी आणली. हावड्याला गाडी लागेपर्यंत दोघं बाकावर बसून होते.

"तू तेव्हा थांबला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर मनोहर तुझ्यावरच रागावला असता. मला ठाऊक आहे. पण मी त्याची आई आहे रे. मला तसा विचार करणं जमत नाही. जमलं तर पत्र घालीन."

"हो, काकू."

त्याने सामान वर चढवलं, सुरईत पाणी भरून दिलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पत्र आलं नाही. श्यामकांतने दोन पाठवली होती. पुढच्या हिवाळ्यात त्याने शर्यती सोडल्या. कचेरीतही तो आता सायकलऐवजी बसने येऊ-जाऊ लागला. दाराशेजारची जागा मिळाली तर बसायचा, नाहीतर गार्डन रीचपर्यंत उभाच.