काकांची दुसरी वायर

इंटरनेटसुद्धा भूकंपात सापडेल म्हणून धास्तावलेला माणूस साऱ्या लातुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या नशिबी घरमालक म्हणून आला! नांदेडचं भरलं घर नवऱ्याच्या हवाली करून मी पोरीला घेऊन लातूरला आले, ती तिच्या डॉक्टरकीच्या क्लासपायी. त्या गल्लीत माझ्यासारख्या आया घरोघरी होत्या. खोली बघायला गेले तर काकांनी पाण्याची वेळ सांगायच्या आधी दारं दाखवली. माडीवरची एवढीशी खोली, तिला दोन दारं. "इकडनं अडलं तर तिकडनं," म्हणाले. मला वाटलं, माणूस हौशी आहे. हौशी कसला, डोंबल! त्या मागच्या दारातून येऊन गल्लीतल्या मांजरांनी दोन वर्षं माझं दूध फस्त केलं.

भिंतीला खिळा मारायची सोय नव्हती. घड्याळ जमिनीवर, कॅलेंडर जमिनीवर, काकांचे देवसुद्धा गुडघ्याएवढ्या ओट्यावर. किती वाजले बघायचं तर बाईमाणसानं कमरेत वाकायचं. मी तक्रार केली तर ऐकायला मिळालं, "ताई, डोक्याच्या वर काईच ठिवू न्हाई." एसटीच्या आगारातून निवृत्त झालेला माणूस, पण खिशात कायम दोन बॅटऱ्या, आणि कुठेही गेला तरी आधी पाठीमागचा रस्ता शोधणार. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला रेणापूरला गेले. पोहे यायच्या आत उठले आणि मुलीच्या बापाला विचारलं, "पाव्हणं, मागनं वाट हाय का?" त्या भल्या माणसाला वाटलं, पाहुणे पळ काढतायत. लग्न कसंबसं जमलं, पण काकांना पुन्हा कुणी मुलगी बघायला नेलं नाही.

हे सगळं मी सोसलं. पण पोरीच्या परीक्षेच्या दिवशी जे केलं, त्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. क्लासची चाळणी परीक्षा होती, घरूनच लॅपटॉपवर द्यायची. तिच्यावर पहिली बॅच ठरणार होती, आणि पहिल्या बॅचला कोण शिकवतं नि शेवटच्या बॅचला कोण, हे लातुरातलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी काका दारात उभे. "ताई, आज घोर करू नका. पोरीसाठी बंदोबस्त करून ठिवलाय." मी आपली चहा देऊन मोकळी झाले.

पेपर निम्म्यावर आला आणि नेट गेलं. पोरगी किंचाळली. आमच्याकडचा राऊटर जिन्याच्या चौथऱ्यावर, अर्थात जमिनीवर, आणि मुख्य राऊटर खाली काकांच्या बैठकीत. वरच्याचे दिवे नुसते वेड्यासारखे लुकलुकत होते. बंद करून चालू केला, क्षणभर नेट आलं, परत गप्प. कंपनीला फोन लावला, तर "मॅडम, आमच्याकडून लाइन चालू आहे." नांदेडला नवऱ्याला लावला, तर तो म्हणतो, "बंद करून चालू करून बघ." अगं बाई, एवढी अक्कल मला नव्हती का! शेवटी मी पदर खोचला आणि वायर हातात धरून चाचपत खाली निघाले. खालच्या राऊटरपाशी बघते तर वर जाणाऱ्या वायरी दोन. रोजची करडी, आणि जोडीला नवीकोरी पिवळी, मागच्या खिडकीतून वर नेऊन पुन्हा आमच्याच राऊटरला खोचलेली! म्हणजे एका वायरीनं वर गेलेलं दुसरीनं खाली येणार, परत वर जाणार, आणि घाण्याच्या बैलासारखं तिथंच फिरत राहणार. मी ती पिवळी उपसली. दिवे शांत झाले, नेट आलं. पण तोवर पेपर बंद झाला होता.

मग मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. "इंटरनेटला एकच वाट लागते, काका! तुमच्या दुसऱ्या दारानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं!" एवढं मात्र सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी त्याच दिवशी खोली सोडणार होते. काका खाली बघत उभे होते. "एकली वायर तुटली तर पोरगी अडकंल, म्हून केलं," म्हणाले. मी म्हटलं, कशाला तुटतेय? तेव्हा म्हणाले, "ताई, आमच्या निलंग्याकडच्या घराला एकच दार होतं. भूकंपात त्येच्यावर वरचं मातीचं माळवद आलं. माय आत व्हती. बाकी न्हाई सांगत." राग गेला म्हणाल तर नाही, पण तो ठेवायचा कुणावर हेच मला कळेना.

क्लासवाल्यांच्या हातापाया पडले, तेव्हा त्यांनी पोरीला आठवड्यानं पुन्हा बसू दिलं. त्या सकाळी पिवळी वायर मी वरूनही काढून टाकणार, तोच काका वर आले. म्हणाले, "खालचं टोक परत लावू द्या. वरचं काढून म्या हातात धरतो. पयली गेली तरच खुपसतो." आणि बसले की चौथऱ्यावर, राऊटरशेजारी, मांडी घालून! चहा नेला तर डाव्या हातानं घेतला. खालून कुणी हाक मारली तर ओ दिली नाही. वर पोरगी पेपर सोडवत होती आणि हा माणूस ते टोक मुठीत धरून दिव्यांकडं बघत होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मी पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत बसले.

शेवटी दार उघडलं. पोरगी बाहेर आली. "झाला पेपर, आजोबा. मस्त गेला."

काकांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता सोडू का, ताई?"

"सोडा, काका," मी म्हटलं. तरी ती मूठ लवकर उघडेना.