रेल्याचा गोल

"यात शिकण्यासारखं काय आहे, मॅडम? गाणे, नाच अन् केसाच्या वेण्या?" प्राचार्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "सही नाई होणार."

अर्ज रोशनी मडावीचा होता. भामरागडकडच्या एका गावातली गोंड पोरगी, ब्रह्मपुरीला आमच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीत तिला एम.ए.ला ॲडमिशन मिळाली होती. विषय ब्लॅक पॉप्युलर कल्चर. तिकडच्या काळ्या लोकांची गाणी, सिनेमे, नाच, कपडे, केस बांधायच्या तऱ्हा कुठून आल्या, कोणी उचलल्या, कोणासमोर सादर करायला लावल्या, याचा अभ्यास. सरकारी स्कॉलरशिपच्या अर्जात 'विषय उपयुक्त आहे' या ओळीखाली प्राचार्यांची सही लागत होती. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. स्कॉलरशिप नसती तर ही पोरगी इंग्लंडला काय, नागपूरलाही शिकायला जाऊ शकली नसती.

मी तिथं इंग्रजी शिकवायची. सांस्कृतिक विभागही वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या स्टाफला माहीत होतं, म्हणून आधी गोडीनं घेतलं.

"सर, तिचं एसओपी वाचलं का?"

एसओपी म्हणजे मला हेच का शिकायचं आहे, ते दोन पानांत सांगणारं पत्र. ते मीच तपासून दिलं होतं. स्पेलिंगा पाहिल्या, स्वल्पविराम पाहिले. अर्थ कितीसा पाहिला, कोण जाणे.

"त्यात काय वाचाचं? नर्सिंग घे म्हणा, बी.एड. कर म्हणा. जंगलातली पोरगी, कायले पाहिजेत तिले काळ्या लोकांचे गाणे?"

रोशनी दोन हात अंतरावर उभी होती अन् हे गृहस्थ ती खोलीत नसल्यासारखं बोलत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सर, विषय बदलता नाई येत," ती म्हणाली. "ॲडमिशन त्याच विषयाले भेटली."

"मंग राहू दे." सरांनी फाईल मिटली अन् दुसरा कागद ओढला. "बरं मडावी, सोमवारी आदिवासी विभागाचे पाहुणे येऊन राह्यले. रेला बसवून टाक. दहा पोरी, सारख्या साड्या. मॅडम, यादी करा."

रेला म्हणजे गोंडांचं गाणं अन् त्यावरचा नाच. खोटं कशाला सांगू, माझा हात पेनाकडे गेला. सवयच तशी. पाहुणा आला की हजेरीपट काढायचा, मडावी, आत्राम, कोवे अशी आडनावं पाहायची, पोरी निवडायच्या. नाचायचं आहे का, हे मी एकीलाही कधी विचारलं नव्हतं.

"सर," रोशनी हळूच बोलली, "नाचाले चालते. मंग त्याच्यावर शिकाले काऊन नाई चालत?"

"उलट बोलून राह्यली?"

तिथं माझं टाळकं सटकलं. "सरळच विचारून राह्यली ती. सर, तुम्ही असं करा. लेटरहेडवर लिहून द्या, नाचगाणं अभ्यासाच्या लायकीचं नाई म्हणून. सोमवारी पाहुण्यांच्या हाती मी तोच कागद देते. अन् यादी मी करत नाई. स्वागताले तुम्हीच नाचा."

बाहेर क्लार्कचं टायपिंग थांबलं.

"मॅडम, रिटायरमेंटले आल्या तुम्ही. जरा सांभाळून."

"आली म्हणूनच बोलून राह्यली."

सही झाली. त्यांना पटलं वगैरे काही नाही, पाहुण्यांची भीती वाटली. सोमवारी पाहुण्यांचं स्वागत शाल अन् नारळावर भागलं. रोशनी सप्टेंबरात गेली. मी पुढं कित्येक महिने हा किस्सा भेटेल त्याला सांगत होते, छाती फुगवून.

जानेवारीत तिनं तिचा पहिला निबंध, जमा करायच्या आधी, मला मेलवर पाठवला. सुरुवातीलाच एक फोटो होता. आमच्या कॉलेजचं पटांगण, सारख्या साड्यांतल्या दहा पोरी सरळ रांगेत, समोर सोफ्यावर पाहुणे. खाली तिनं लिहिलं होतं की आमच्या गावात रेला गोल धरून नाचतात. एकमेकींच्या कमरेत हात, तोंडं आत. बसून पाहणारं कोणी नसतं, जो येतो तो गोलात शिरतो. कॉलेजात आमचा गोल मोडून रांग केली, पाहुण्यांना चेहरे दिसावेत म्हणून. पुढं काळ्या नाचणाऱ्यांना रंगमंचावर आणताना हेच कसं झालं, त्याची पानंच्या पानं.

'पोरींनो, पाहुण्यांकडे पाठ करू नका.' हे वाक्य माझं. दरवर्षी माईकवरून सांगायची. निबंधात तिनं 'एक शिक्षिका' एवढंच म्हटलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात माईक धरून मी उभी होते, हसत.

दोन दिवस मेलला उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती, अन् तिचा रागही आला होता. मग फोन केला.

"माझं नाव काऊन नाई लिहिलं?"

"मॅडम, तुम्ही तर सही आणून देली मले."

"ते वेगळं. माईकवर प्राचार्य असते तर त्यांचं नाव लिहिलं असतं ना? अभ्यास कराले गेली ना तू, मंग पुरा कर."

"बरं," ती म्हणाली.

तिनं नाव घातलं. निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले.